गाइडसोबत बासची पहिली सहल: न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या नवख्यांसाठी

न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात राहत असाल, तर बास मासा तुमच्या घरापासून फार लांब नाही. एडिसनहून निघा, पार्सिपनीहून निघा की प्लेन्सबरोहून, तासाभरात एखादं तळं, धरण किंवा डेलावेअर नदीचा काठ लागतोच. तरी आपल्यातले बरेच जण वर्षानुवर्षं या पाण्यावरच्या पुलांवरून नुसती गाडी नेतात. लहानपणी कृष्णेत, पंचगंगेत किंवा गावच्या तळ्यात गळ टाकलेला असतो, हौसही असते. पण इथले नियम वेगळे, साहित्य वेगळं, मासाही वेगळा, म्हणून सुरुवात राहून जाते.

माझं मत असं, की ही सुरुवात गाइडसोबत करावी आणि लहान पाण्यावर करावी. मासे पकडून देणारा माणूस म्हणून गाइडकडे बघितलंत तर एक दिवस मजेत जाईल आणि विषय तिथेच संपेल. पाणी कसं बघायचं हे शिकवणारा माणूस म्हणून त्याला बरोबर घेतलंत, तर पुढची अनेक वर्षं तुम्ही एकटे जाऊ शकाल. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारच्या सहलीसाठी आहे.

आधी मासा ओळखा

इथे दोन बास भेटतात. लार्जमाउथ मुख्यतः तळ्यातला आणि संथ पाण्यातला, स्मॉलमाउथ वाहत्या, खडकाळ पाण्यातला. लार्जमाउथ हिरवट असतो, अंगावर मधोमध काळपट आडवा पट्टा असतो, आणि तोंड मिटलं की वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. स्मॉलमाउथ तांबूस-तपकिरी, अंगावर उभे पट्टे, डोळे बऱ्याचदा लालसर, आणि जबडा डोळ्याच्या खालीच संपतो. ताकदीत स्मॉलमाउथ भारी. तेवढ्याच वजनाचा लार्जमाउथ त्याच्यापुढे लवकर दमतो.

ज्यांनी मरळ पकडला आहे त्यांना लार्जमाउथ लगेच कळेल. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि वरून बेडूक गेला की झडप घालायची, हा मरळचा स्वभाव इथेही तसाच दिसतो. ज्यांना रोहू-कटला गरवायची सवय आहे त्यांना मात्र हात बदलावा लागतो. तिथे कणकेचा गोळा टाकून मासा येईपर्यंत बसायचं असतं. इथे मासा बसलेला असतो आणि आमिष घेऊन आपण त्याला शोधत फिरायचं असतं. हा एक फरक मनात पक्का बसला की गाइड दिवसभर जे करतो त्याचा अर्थ लागतो.

स्मॉलमाउथ मूळचा या भागातला नाही. तो ग्रेट लेक्स आणि ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यातला. 1854 साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून सुमारे तीस मासे मेरीलँडमधल्या कंबरलँडला आणून सोडले गेले आणि तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले. पुढे 1870 मध्ये पोटोमॅकमधले मासे पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनजवळ डेलावेअर नदीत सोडले. आज डेलावेअरवरच्या बऱ्याच गाइडांचा उन्हाळा याच माशावर चालतो.

आकाराबद्दल अपेक्षा आधीच नीट करून घ्या. लार्जमाउथचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे 10 किलोंचा. जॉर्ज पेरी यांनी तो 1932 मध्ये जॉर्जियात केला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तळ्यावर मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. आपल्या भागात दोन-तीन पौंडांचा बास चांगला, चार पौंडांचा फोटो काढून घरी पाठवण्यासारखा.

कुठे आणि कधी

मोठ्या तलावावर गाइडचा बराच वेळ होडी पळवण्यात आणि सोनारचा, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा बघण्यात जातो. शेजारी बसलेल्या नवख्याला त्यातलं काही दिसत नाही. तो सांगेल तिथे टाकायचं, एवढंच. लहान तळ्यावर किंवा उथळ नदीवर महत्त्वाच्या बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसतात: पाण्यात पडलेलं झाड, कमळपानांची कड, लाकडी धक्का, खडक, दोन धारा मिळतात ती रेघ. म्हणून पहिली सहल लहान पाण्यावर. शिवाय मनास्क्वान जलाशयासारख्या कित्येक ठिकाणी पेट्रोलच्या मोटरीला बंदी आहे, फक्त विजेची मोटर चालते. तिथे शांतता असते आणि गाइडशी दिवसभर बोलता येतं, जे आपल्याला हवंच आहे.

लेक होपॅटकाँग हे न्यू जर्सीतलं सर्वांत मोठं तळं, अडीच हजार एकरांहून जास्त. तिथे मासे उत्तम आहेत, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी होड्यांची इतकी वर्दळ असते की शिकणं बाजूला राहतं. तिथेच जायचं असेल तर सप्टेंबरमधला आठवड्याचा मधला दिवस घ्या. उन्हाळ्यात कुठल्याही तळ्यावर जाण्यापूर्वी शेवाळाची सूचना लागली आहे का तेही बघा. 2019 मध्ये होपॅटकाँगमध्ये विषारी निळ्या-हिरव्या शेवाळामुळे लोकांना पाण्यात उतरण्यावर निर्बंध घालावे लागले होते.

नदी हवी असेल तर डेलावेअरसारखी शाळा नाही. सुमारे 330 मैलांच्या तिच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, त्यामुळे पाणी चढणं-उतरणं बरंचसं पावसावर असतं. गाइड तुम्हाला राफ्टमधून किंवा वल्ह्यांच्या होडीतून काही मैल खाली नेतो, वाटेत उथळ जागी पाण्यात उतरवतो. पेनसिल्व्हेनियातली सस्क्वेहाना रुंद, उथळ आणि दगडांनी भरलेली आहे. तिथे पंखा नसलेल्या, जेट मोटरच्या होड्या चालतात. 2005 पासून तिथल्या स्मॉलमाउथच्या पिल्लांमध्ये रोगामुळे मोठी मर दिसली. म्हणून सनबरीपासून होल्टवुड धरणापर्यंतच्या पट्ट्यात पकडलेला बास लगेच सोडणं बंधनकारक केलं गेलं.

आता महिना. बासचं वेळापत्रक कॅलेंडर ठरवत नाही, पाण्याचं तापमान ठरवतं. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सियसच्या वर गेलं की मासे उथळ पाण्याकडे सरकू लागतात. 60 अंशांच्या, म्हणजे साधारण 15-16 सेल्सियसच्या आसपास नर तळाशी शेपटीने गाळ झाडून वाटीसारखं घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि अंड्यांची, नंतर पिल्लांची राखण नर एकटा करतो. त्या दिवसांत तो घरट्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो, म्हणून पकडायला सोपा. पण त्याला बाजूला केलं की काही मिनिटांत ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन अंडी खातात. न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून या काळात बास पकडला तरी सोडावाच लागतो. पेनसिल्व्हेनियातही वसंतात तसाच नियम आहे आणि स्पष्ट दिसणाऱ्या घरट्यावर पुन्हा पुन्हा आमिष टाकणं बेकायदा आहे. मी तर म्हणेन, पहिली सहल जूनचे तीन आठवडे उलटल्यावरच ठेवा.

तळ्यासाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचा पहिला, हा सर्वांत छान काळ. नदीसाठी जूनअखेर ते सप्टेंबर: पाणी उतरलेलं असतं, दगड दिसतात, मासे भरपूर चावतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे साडेपाचला पाण्यावर असायला हवं. दहानंतर ऊन चढतं आणि मासे सावलीत जातात.

गाइड निवडताना

संकेतस्थळावरचे मोठ्या माशांचे फोटो बघून निवडू नका. फोटो सगळ्यांकडे असतात. त्याऐवजी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मी नवखा आहे, मला शिकायचं आहे, मासे कमी मिळाले तरी चालतील. समोरचा माणूस यावर काय बोलतो त्यातून बरंच कळतं. जो लगेच विचारतो की आधी कधी कसला गळ टाकला आहे, स्पिनिंग रीळ वापरलं आहे का, पोहता येतं का, तो आपला. जो फक्त परवा कितीचा मासा लागला हे सांगत राहतो, त्याला नमस्कार करून पुढचा नंबर फिरवावा.

मग व्यवहाराचे प्रश्न. रॉड, रीळ, आमिषं आणि लाइफ जॅकेट त्याचं की आपलं? किती माणसं? माझं मत दोनच. तिसरा आला की होडीत गळ उडू लागतात आणि शिकवणं थांबतं. नदी फुगली किंवा वादळाचा अंदाज आला तर पैसे परत की दुसरी तारीख? आगाऊ रक्कम किती? मुलांना चालेल का? आणि स्वच्छतागृहाची सोय. हा प्रश्न विचारायला आपण संकोचतो, पण बाई किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर तो सर्वांत आधी विचारा. नदीवर सहा तास मध्ये काहीच नसू शकतं आणि चांगला गाइड त्याप्रमाणे थांबे ठरवतो.

कागदपत्रंही बघा. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्ये गाइडला राज्याचा परवाना लागतो. जलवाहतुकीच्या पाण्यावर मोटरबोटीतून पैसे घेऊन माणसं न्यायची तर कोस्ट गार्डचा कॅप्टन परवाना लागतो. विमा आहे का, प्रथमोपचार शिकला आहे का, हे विचारल्यावर चांगल्या गाइडला राग येत नाही.

खर्च साधारण असा: अर्ध्या दिवसाला, म्हणजे चार तासांना, 300 ते 450 डॉलर, आणि पूर्ण दिवसाला 450 ते 650, बहुधा दोन माणसांचे मिळून. वर पंधरा ते वीस टक्के टीप, तीही शक्यतो रोख. पहिल्यांदा अर्धा दिवसच घ्या. चौथ्या तासानंतर नवख्याचा खांदा आणि लक्ष दोन्ही थकतात.

परवाना तुमचा तुम्हाला काढायचा

समुद्रावरच्या चार्टर बोटींमध्ये बऱ्याचदा बोटीचा परवाना प्रवाशांनाही चालतो. गोड्या पाण्यावर सहसा तसं नसतं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात सोळा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला स्वतःचा मासेमारी परवाना लागतो. न्यू जर्सीच्या सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या रहिवाशांना तो लागत नाही. ऑनलाइन किंवा खेळाच्या साहित्याच्या दुकानात पाच मिनिटांत मिळतो. ट्राउट माशासाठीचा वेगळा शिक्का हवा का असं विचारतील. बाससाठी तो लागत नाही.

डेलावेअर जिथे दोन राज्यांची सीमा आहे तिथे न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो. ही मोठी सोय आहे. न्यू जर्सीचा परवाना 31 डिसेंबरला संपतो, त्यामुळे नोव्हेंबरात वर्षाचे पैसे भरू नका. उन्हाळ्यात आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासाठी बाहेरच्यांचे थोड्या दिवसांचे परवाने मिळतात. सत्तरीची सवलत मात्र त्यांना लागू नाही, कारण ते इथले रहिवासी नाहीत. ज्यांनी आयुष्यभर कोयनेच्या किंवा वारणेच्या काठी गळ टाकला आहे अशा वडिलांना घेऊन जा. हाताची सवय किती टिकते ते बघण्यासारखं असतं.

मापं, संख्या आणि बंदीचे दिवस वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीची राज्याची नियमपुस्तिका फोनमध्ये उतरवून ठेवा.

बरोबर काय घ्यायचं

पोलराइज्ड गॉगल सर्वांत महत्त्वाचा. पाण्यावरची चकाकी मारली जाते आणि तळाचे दगड, बुडालेली फांदी, कधी कधी मासासुद्धा दिसतो. शिवाय कोणाचाही गळ चुकून डोळ्याकडे आला तर तोच आड येतो. कडा असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा हलका शर्ट, एक थर गरम कपडा (पहाटे पाण्यावर जुलैतही गारठा असतो), रेनकोट, दोन लिटर पाणी. नदीत उतरायचं असेल तर पायाला घट्ट बसणारे, तळ न घसरणारे बूट. चप्पल किंवा क्रॉक्स नकोत, शेवाळलेल्या दगडावर पाय मुरगळतो.

डास पळवणारी डीट असलेली औषधं हाताच्या तळव्यांना लावू नका. डीटने मऊ प्लास्टिकची आमिषं वितळतात आणि दोरीही खराब होते. या भागातल्या काठच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा, मुलांना तर नक्कीच.

डब्यात थालीपीठ, दशम्या, चटणी असं हाताला ओलं न लागणारं काही घ्या. आणि केळी घरीच ठेवा. होडीत केळं असलं की मासा लागत नाही, ही इकडच्या कोळ्यांची आणि गाइडांची जुनी समजूत. त्या माणसाच्या होडीत आपण पाहुणे आहोत, त्याचा मान राखावा.

होडीवर: पहिला तास

चढल्या चढल्या लाइफ जॅकेट घाला, आणि ते अंगावरच ठेवा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना होडीत ते घालावंच लागतं. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत लहान होडीत आणि कयाकमध्ये मोठ्यांनाही सक्ती आहे, कारण पाणी इतकं थंड असतं की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हात-पाय हलवू शकत नाही. मेघगर्जना ऐकू आली तर काठ गाठायचा आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास थांबायचं. हातातली ग्राफाइटची काठी विजेला बोलावणं आहे.

मग फेक शिका. गाइड तुम्हाला बहुधा साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी देईल, दोरी आठ-दहा पौंडांची. रीळ काठीच्या खाली लटकतं. तर्जनीने दोरी काठीला दाबून धरायची, रिळावरची तार उघडायची, काठी मागे नेऊन मनगटाने पुढे आणायची, टोक लक्ष्याकडे आलं की बोट सोडायचं. आमिष पाण्यात पडलं की तार हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही. त्याने दोरी पिळते आणि थोड्या वेळात तिचा गुंता होतो. प्रत्येक फेकीआधी मागे बघा. ही सवय पहिल्या दहा मिनिटांत लागली तर लागली.

जोर लावू नका. बास बऱ्याचदा आपल्या वाटण्यापेक्षा जवळ असतो. तीस फुटांवर बरोबर फांदीच्या सावलीत पडलेलं आमिष हे ऐंशी फुटांवर मोकळ्या पाण्यात पडलेल्यापेक्षा शंभरपट मोलाचं.

पहिल्या दिवशी आमिष एकच मागा. तळ्यावर पाच इंचांची मऊ प्लास्टिकची कांडी, मधोमध गळ टोचलेली, दोन्ही टोकं मोकळी. तिला वॅकी रिग म्हणतात. पाण्यात टाकायची आणि काहीच करायचं नाही. ती थरथरत खाली जाते आणि त्या जाण्यातच मासा घेतो. ओढायची नाही, नाचवायची नाही. नदीत लहान, अडीच-तीन इंचांचा तुकडा चपट्या डोक्याच्या हलक्या शिशावर लावतात, त्याला नेड रिग म्हणतात. तळाशी चालणाऱ्या क्रेफिशसारखा (कोळंबीसारखा, नांग्यांचा गोड्या पाण्यातला जीव) तो दिसतो आणि क्रेफिश हे स्मॉलमाउथचं आवडतं खाणं. बाकी चमकणारी पाती, पाण्यावरून फुटफुटत जाणारे बेडूक, खोल बुडणारे लाकडी मासे, हे सगळं नंतर. गाइडच्या पेटीत शंभर रंग असतात, त्यात डोकं घालू नका.

पाणी वाचणं

यासाठी आपण आलो आहोत, म्हणून इथे थांबून गाइडला बोलतं करा. तो जिथे जिथे होडी थांबवेल तिथे टाकण्याआधी विचारा: मासा इथे का असेल? आणि एखाद्या जागेवरून तो न थांबता पुढे गेला तर तेही विचारा: ही जागा का सोडली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त शिकवतं.

बासला तीन गोष्टी लागतात: आडोसा, खाणं आणि खोल पाण्याकडे जाणारी वाट. तळ्यात पडलेली दहा झाडं सारखी दिसतात. त्यांतलं ज्याचं टोक खोल पाण्यात उतरलं आहे आणि ज्याला बारीक फांद्या शिल्लक आहेत, तिथे मासा असतो. बुंधा काठावर आणि सगळं अंग वीतभर पाण्यात, अशा झाडाखाली नसतो. पाणवनस्पतींच्या दाट गालिच्यात त्याची कड, एखादं भोक, आत शिरलेली चिंचोळी गल्ली, या जागा. धक्क्याखाली सर्वांत गडद सावलीचा कोपरा. सावली सूर्याबरोबर सरकते आणि मासाही सरकतो, म्हणून सकाळी रिकामा वाटलेला धक्का दुपारी पुन्हा बघायचा.

नदीत मासा धारेत उभा राहून दमत नाही. तो दगडामागच्या भोवऱ्यात बसतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं उचलतो. खळाळाच्या खाली जिथे पाणी मंदावून डोह सुरू होतो ती जागा बघा. जोराची धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये फेसाची एक रेघ दिसते, तिच्या संथ बाजूला आमिष टाका. दगडाच्या मागेच नव्हे, पुढेही पाण्याची उशी तयार होते, तिथेही स्मॉलमाउथ बसतो. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण बोटाने दाखवलं जाईपर्यंत दिसत नाही. एकदा दिसलं की कुठल्याही नदीच्या पुलावरून जाताना नजर आपोआप तिकडे जाते.

तासाभराने उलटं करा. टाकण्याआधी तुम्ही सांगा की मासा कुठे असेल, आणि गाइडला चूक-बरोबर सांगू द्या.

मासा लागला

वॅकी रिगवर चावा बऱ्याचदा हाताला जाणवतच नाही. दोरीवर नजर ठेवा. पाण्यात शिरते तिथे दोरी टपकन उडाली, कडेला सरकू लागली किंवा तळ यायच्या आधीच सैल पडली, तर मासा आहे. सैल दोरी गुंडाळा, वजन लागलं की काठी बाजूला जोमाने ओढा. पाण्यावरच्या आमिषावर मात्र उलट: पाणी फुटलं की हात लगेच उडतो, तो आवरा. माशाचं वजन काठीत आल्यावरच ओढा, नाहीतर आमिष त्याच्या तोंडातून निघून तुमच्याकडे येतं.

पुढे एकच नियम: दोरी ताणलेली राहू द्या. मासा वर उडी मारायला निघाला की काठीचं टोक खाली पाण्याकडे न्या. त्याला पळायचं असेल तेव्हा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक, दोरी सोडेल, तेव्हा रीळ फिरवू नका. दोरीच्या ताकदीच्या साधारण चतुर्थांशाला ड्रॅग लावलेला असावा. स्मॉलमाउथ होडीजवळ आल्यावर पुन्हा एकदा खाली बुडी मारतो. त्या वेळी घाई केली तर दोरी तुटते.

हातात घेण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि त्याला नंतर बुरशी लागते. बासचे दात खरखरीत कागदासारखे, चावत नाहीत. अंगठा तोंडात घालून खालचा ओठ धरा आणि मासा उभा लटकू द्या. आडवा धरायचा तर दुसरा हात पोटाखाली हवाच. नुसत्या जबड्यावर आडवा तोलला तर जबड्याला इजा होते. पाठीवरच्या पंखाचे काटे टोचतात, तेवढं सांभाळा. फोटो काढणारा आधी तयार ठेवा, मगच मासा पाण्याबाहेर काढा. तुम्ही स्वतः श्वास रोखू शकाल तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेवा. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता गाइडच्या हाती द्या. सोडताना पाण्यात धरून ठेवा, शेपटी मारून तो आपण होऊन जाईल.

खायचा का?

हा प्रश्न आपल्या घरात येणारच, विशेषतः पाहुणे आलेले असतील तर. कायद्याने, बंदीच्या काळाबाहेर, न्यू जर्सीत किमान 12 इंचांचे पाच बास दिवसाला नेता येतात, काही पाण्यांवर वेगळे नियम आहेत. तरी मी नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नयेत असं मनापासून सांगतो. या थंड प्रदेशात बास सावकाश वाढतो. नदीतला फूटभर स्मॉलमाउथ चार-पाच वर्षांचा असू शकतो. लहान पाण्यातून असे दहा मोठे मासे गेले की ते पाणी कित्येक वर्षं रिकामं वाटतं. शिवाय तो दुसरे मासे खाऊन जगतो, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो. दोन्ही राज्यं कुठल्या पाण्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याच्या सूचना काढतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्या फार कडक आहेत.

अमेरिकेत बास सोडून देण्याची रीत फार जुनी नाही. बासच्या स्पर्धा सुरू करणारे रे स्कॉट यांनी 1972 मध्ये पकडलेले मासे जिवंत सोडायची मोहीम काढली, तेव्हापासून ती रुजली. खायचीच हौस असेल तर गाइडला ब्लूगिल किंवा पर्च दाखवायला सांगा. त्यांची संख्या भराभर वाढते. रवा लावून तव्यावर तळले की घरातली तक्रार संपते.

पुढच्या आठवड्यात

शिकलेलं महिनाभर पडून राहिलं तर जातं. परतल्यावर त्याच संध्याकाळी गाइडने दाखवलेल्या जागा कशा होत्या, पाण्याचं तापमान, वेळ, आमिष, मासा नेमका कुठे लागला हे वहीत उतरवा. गाइडच्या खास जागांची ठिकाणं मात्र इंटरनेटवर टाकू नका, त्याचं पोट त्यावर आहे.

मग आठवडाभरात एकटे जा. साधी स्पिनिंग काठी, दोरी, वॅकी रिगचे गळ, कांड्यांचं एक पाकीट आणि गळ काढायची चिमटी, एवढं पुरतं. किंग्स्टन, प्रिन्स्टन भागात राहत असाल तर डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या काठची पायवाट सरावासाठी उत्तम: पाणी अरुंद, दोन्ही काठांना झाडं, पुलांच्या सावल्या, आणि बास आहेत. प्रत्येक फेकीआधी मनात म्हणा, मासा इथे का असेल. उत्तर सुचलं नाही तर चार पावलं पुढे चला.

दुसरी सहल त्याच गाइडबरोबर, पण वेगळ्या ऋतूत घ्या. उन्हाळ्यात गेला असाल तर ऑक्टोबरात. त्या दिवशी होडीत बसल्यावर त्याला सांगा, की आज कुठे थांबायचं ते मी ठरवणार, आणि मी जागा चुकीची निवडली तर टाकण्याआधीच मला अडवा.